पहिल्या वाढदिवसानंतर: डब्याचं दूध की गाईचं दूध?

बाळ वर्षाचं व्हायला आलं की डब्याचं दूध चालू असलेल्या घरात हा प्रश्न निघतोच. आता गाईचं दूध सुरू करायचं का? केलं तर डबा लगेच बंद करायचा, की आणखी काही महिने राहू द्यायचा? घरातली मोठी माणसं म्हणतात, "आता कशाला पावडर?" दुकानात पुढच्या नंबरचा डबा नजरेसमोर मांडलेला असतो आणि त्यावर मेंदूच्या वाढीबद्दल मोठमोठी अक्षरं असतात. आईबाबा दोघांच्या मधे.

उत्तर आधीच सांगून टाकते. निरोगी, वेळेवर जन्मलेल्या आणि बऱ्यापैकी जेवणाऱ्या बाळाला १२ महिने पूर्ण झाल्यावर साधं, साय न काढलेलं गाईचं दूध पुरतं. फॉर्म्युलाची, म्हणजे डब्यातल्या पावडरच्या दुधाची, गरज तिथे संपते. यातला "बऱ्यापैकी जेवणाऱ्या" हा भाग मात्र घाईत वाचून सोडू नका, कारण सगळा निर्णय त्याच्यावर उभा आहे. दोन दुधांची तुलना करताना आपण ग्लासात काय आहे ते बघत बसतो. खरं बघायचं असतं ते ताटात काय आहे आणि त्यातलं पोटात किती जातं.

अंगावरचं दूध अजून चालू असेल तर ते बिनधास्त चालू ठेवा. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही स्तनपान सुरू ठेवायला सांगते. खालची तुलना मुख्यतः बाटलीतलं फॉर्म्युला पिणाऱ्या बाळांसाठी आहे.

वर्षाच्या आत का नको

नऊ-दहा महिन्यांच्या बाळाला गाईचं दूध प्यायला दिलं तर लगेच काही बिघडलेलं दिसत नाही. म्हणूनच "आम्ही दिलं, काही झालं नाही" असं सांगणारे भरपूर भेटतात. अडचण हळूहळू येते, आणि ती तीन बाजूंनी येते.

पहिली म्हणजे लोह. गाईच्या दुधात ते नसल्यात जमा. वर त्यातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन, दोन्ही जेवणातल्या लोहाच्या शोषणात आडवे येतात. दुसरी बाजू आतड्यांची. लहान बाळांपैकी काहींच्या आतड्यांतून गाईच्या दुधामुळे अगदी थोडं, डोळ्यांना न दिसणारं रक्त शीवाटे जात राहतं. वय वाढतं तसा हा त्रास कमी होतो आणि वर्षाच्या आसपास जवळपास संपतो. तिसरी बाजू मूत्रपिंडाची. प्रथिनं आणि क्षार जास्त असल्याने गाईच्या दुधाचा मूत्रपिंडावर पडणारा भार फॉर्म्युलाच्या दुपटीहून अधिक असतो. बाळ ठणठणीत असताना हे निभावतं. ताप-जुलाबात अंगातलं पाणी कमी झालं की जड जातं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या पूरक आहाराच्या मार्गदर्शिकेत, आईचं दूध न मिळणाऱ्या ६ ते ११ महिन्यांच्या बाळांना फॉर्म्युला किंवा प्राण्याचं दूध, दोन्हींपैकी काहीही चालेल असं म्हटलंय. अमेरिका आणि ब्रिटनमधला आरोग्यसल्ला मात्र १२ महिन्यांवर ठाम आहे. जागतिक सल्ला लिहिताना, ज्या घरांना वर्षभर फॉर्म्युला परवडत नाही किंवा पावडर कालवायला शुद्ध पाणी मिळत नाही, त्यांचाही विचार करावा लागतो. तुमच्याकडे डबा आणि स्वच्छ पाणी दोन्ही असेल तर १२ महिन्यांपर्यंत थांबा, असंच मी म्हणेन. स्वयंपाकात वापरलेलं थोडं दूध किंवा चमचाभर दही सहा महिन्यांनंतर चालतं. मनाई आहे ती मुख्य पेय म्हणून देण्याला.

आकडे शेजारी-शेजारी

१०० मिलिलिटरमध्ये साधारण काय असतं ते बघू. फॉर्म्युलाचे आकडे कंपनीनुसार थोडे बदलतात, तेव्हा आपल्या डब्याची मागची बाजू समोर ठेवून वाचा.

| घटक | तयार केलेलं फॉर्म्युला | साधं गाईचं दूध |
|---|---|---|
| ऊर्जा | ६५ ते ६८ कॅलरी | ६१ ते ६६ कॅलरी |
| प्रथिनं | १.३ ते १.५ ग्रॅम | ३.२ ते ३.४ ग्रॅम |
| स्निग्धांश | साधारण ३.५ ग्रॅम | साधारण ३.५ ग्रॅम |
| लॅक्टोज | ७ ग्रॅमच्या पुढे | ४.७ ग्रॅमच्या आसपास |
| लोह | ०.५ ते १.२ मिग्रॅ | जेमतेम ०.०५ मिग्रॅ |
| कॅल्शियम | ४५ ते ६० मिग्रॅ | ११० ते १२० मिग्रॅ |
| सोडियम | १६ ते २५ मिग्रॅ | ४० ते ४५ मिग्रॅ |
| 'क' जीवनसत्त्व | ६ ते १० मिग्रॅ | नगण्य |
| 'ड' जीवनसत्त्व | १ मायक्रोग्रॅम किंवा थोडं जास्त | वरून घातलं नसेल तर जवळपास नाही |

ऊर्जा आणि स्निग्धांश यांत फरक नाही म्हटलं तरी चालेल. "गाईचं दूध पातळ, बाळाचं वजन उतरेल" ही भीती इथेच बाजूला ठेवा. उलटी समजूतही तितकीच चुकीची. गाईचं दूध "जड" असतं म्हणून त्यात पाणी घालून द्यायचं, असं वर्षाच्या बाळाला करायची गरज नाही. पाणी घातलं की पोट तेवढंच भरतं आणि पोटात जातं कमी.

प्रथिनं गाईच्या दुधात दुपटीहून जास्त. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १३ ग्रॅम प्रथिनं लागतात असं अमेरिकी शिफारस सांगते. ४०० मिली गाईच्या दुधातच ती मिळतात. कॅल्शियमचंही तेच: दिवसाची गरज ७०० मिग्रॅ धरली तर निम्म्याहून बरंच जास्त या ४०० मिलीतच येतं. या दोन बाबतींत गाईचं दूध सरळ वरचढ आहे, आणि वर्षाच्या बाळाची मूत्रपिंडं ते सहज पेलतात.

लॅक्टोजचा मुद्दा मजेशीर आहे. "आमच्या बाळाला गाईचं दूध पचणार नाही, त्यातली साखर सोसणार नाही" असं अनेकांना वाटतं. पण नेहमीच्या फॉर्म्युलात लॅक्टोज गाईच्या दुधापेक्षा जास्त असतं. जे बाळ वर्षभर ते पचवत आलंय, त्याला कमी लॅक्टोज असलेलं दूध त्याच कारणासाठी बाधण्याची शक्यता फार थोडी. ॲलर्जीचंही तसंच. नेहमीचं फॉर्म्युला गाईच्या दुधापासूनच बनवलेलं असतं, म्हणजे त्या प्रथिनांशी बाळाची ओळख जुनी आहे. ज्यांचं फॉर्म्युला सोयाचं किंवा खास ॲलर्जीसाठीचं आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्याकडे पुढे येतेच.

लोहाचा हिशोब

बाकी सगळ्या घटकांत थोडं इकडे, थोडं तिकडे आहे. लोहात मात्र दहा ते वीस पटींचा फरक आहे.

समजा बाळ दिवसाला ६०० मिली फॉर्म्युला पितंय आणि त्यात १०० मिलीला ०.८ मिग्रॅ लोह आहे. म्हणजे बाटलीतून रोज ४.८ मिग्रॅ मिळतंय. उद्यापासून तेवढंच गाईचं दूध दिलं तर मिळणार ०.३ मिग्रॅ. वर्षापुढच्या मुलाची रोजची गरज ७ मिग्रॅ मानली जाते. आजवर बाटलीने दोन-तृतीयांश भार उचलला होता, तो एका रात्रीत ताटावर आला.

ताट तो उचलू शकतं का? शंभर ग्रॅम शिजलेल्या मसुरीत साधारण ३.३ मिग्रॅ लोह असतं, पण वर्षाचं बाळ एका वेळी खाऊन खाऊन त्याच्या निम्मं खाणार. एका अंड्यातून ०.९ मिग्रॅच्या आसपास. मांस-मासे खाणाऱ्या घरात काम सोपं होतं, कारण त्यातलं लोह अंगाला जास्त लागतं. न खाणाऱ्यांनी कडधान्यं, डाळी, पालेभाज्या यांच्याबरोबर 'क' जीवनसत्त्व असलेलं फळ किंवा लिंबाचे दोन थेंब द्यावेत. शोषण चांगलं वाढतं. लोह वरून घातलेलं बाळांसाठीचं तृणधान्य हा या बदलातला सर्वात सोयीचा पूल आहे. ते गाईच्या दुधात कालवून दिलं तरी दुधाची उणीव बऱ्यापैकी भरून निघते. जेवण आणि दूध यांत मात्र थोडं अंतर ठेवा. जेवणाच्या शेजारी दुधाचा कप ठेवला की दोन्हीकडून नुकसान: कपामुळे भूक जाते आणि जेवलेल्यातलं लोहही पुरतं शोषलं जात नाही.

आता दुसरं बाळ बघू. सव्वा वर्षाचं, गुटगुटीत, गालावर बाळसं. उठल्या उठल्या बाटली, न्याहारीच्या जागी बाटली, दुपारी झोपताना बाटली, संध्याकाळी एक आणि रात्री एक. प्रत्येकी २०० मिली, म्हणजे दिवसाला लिटर. त्यातून ६३० च्या आसपास कॅलरी गेल्या, आणि या वयाला दिवसभरात हजारच्या आत-बाहेर पुरतात. जेवायला बसवलं की ते तोंड फिरवतं. दोन घास घेतं, तिसरा थुंकतं. "काहीच खात नाही हो, निदान दूध तरी पिऊ दे" म्हणून सहावी बाटली भरली जाते. वजनाचा काटा वर जातोय म्हणून कुणाला शंका येत नाही. लिटरभर गाईच्या दुधातून लोह मिळतंय अर्धा मिलिग्रॅम. काही महिन्यांनी बाळ फिकट दिसतं, किरकिर करतं, लवकर दमतं, कधी माती किंवा कागद तोंडात घालायला लागतं. दुधामुळे होणारा रक्तक्षय तो हाच. सडपातळ मुलांपेक्षा गोबऱ्या मुलांत तो नजरेतून जास्त सहज निसटतो.

हे बाळ फॉर्म्युलावर असतं तर लोह मिळालं असतं, हे खरं. पण जेवण शिकण्याची वेळ तेव्हाही निघून गेली असती. म्हणून अशा बाळासाठी "गाईचं की डब्याचं" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, बाटल्या किती.

किती द्यायचं

वर्षापुढे दिवसाला ३५० ते ५०० मिली दूध भरपूर झालं. दही, चीज असं काही पोटात जात असेल तर तेही त्यात धरा. अमेरिकेतला सल्ला ७०० मिलीच्या आसपासपर्यंत जातो. त्यापुढे कुणीच जायला सांगत नाही. फॉर्म्युलावरचं बाळ आठशे मिली पीत असेल तर "तितकंच गाईचं" असा हिशोब करू नका. बदलासोबतच प्रमाण उतरवायचं असतं. त्या जागी जेवण येतं, आणि तहानेला साधं पाणी.

हाताळणी, वेळ, खर्च

फॉर्म्युला पावडर निर्जंतुक नसते, हे अनेकांना माहीत नसतं. त्यात क्वचित क्रोनोबॅक्टरसारखे जंतू असू शकतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ती ७० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाच्या पाण्यात कालवू नका असं सांगते. मग ते गार करायचं, दोन तासांत वापरायचं, बाळाने उष्टं केलेलं उरलं तर टाकून द्यायचं. चमचा सपाट करून मोजायचा. हे सगळं रात्री तीन वाजता.

गाईचं दूध पाश्चराइज्ड असेल तर ओतलं आणि दिलं. पाश्चराइज्ड नसेल तर उकळल्याशिवाय देऊ नका. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस, क्षय, ई. कोलायसारखे संसर्ग होतात आणि लहान मुलांना ते मोठ्यांपेक्षा फार महाग पडतात. "ताजं, डोळ्यांसमोर काढलेलं" याने जंतूंना काही फरक पडत नाही. प्रवासात खोक्यातलं, उच्च तापमानावर प्रक्रिया केलेलं दूध सोयीचं. न उघडता ते बाहेर टिकतं आणि पोषणात म्हणण्यासारखं कमी नसतं. कंडेन्स्ड मिल्क मात्र बाळाचं दूध नव्हे, तो साखरेचा पदार्थ आहे.

साय गाळून टाकण्याची सवय असेल तर इथे थांबा. दूध तापवलं, गार झालं, वरची जाड साय काढून ठेवली आणि खालचं बाळाला दिलं, म्हणजे नकळत कमी स्निग्धांशाचंच दूध दिलं. दोन वर्षांपर्यंत मेंदूच्या वाढीला आणि एकूण उष्मांकाला हा स्निग्धांश लागतो. साय घशात अडकते म्हणून बाळ तोंड वाकडं करत असेल तर ती दुधातच घुसळून टाका. घरात लठ्ठपणाचा किंवा कोलेस्टेरॉलचा इतिहास असेल आणि कमी स्निग्धांशाचं दूध द्यावंसं वाटत असेल, तर तो निर्णय डॉक्टरांबरोबर घ्या.

खर्चात फॉर्म्युला महाग, हे सांगायला नको. निर्णयाचं ते एकमेव कारण असू नये, पण ते कारण म्हणून बोलायला लाजही वाटू नये. वर्षापुढे जास्त पैसे देऊन निरोगी बाळाला जास्त काही मिळत नाही.

आणि तो तिसरा डबा

"एक वर्षापुढील मुलांसाठी", "ग्रोइंग अप", "टॉडलर मिल्क" अशा नावांचे डबे या तुलनेत मधेच घुसतात. माझं मत स्पष्ट आहे: बहुसंख्य मुलांना त्यांची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच २०२३ च्या मार्गदर्शिकेत १२ ते २३ महिन्यांच्या मुलांसाठी अशा दुधांची शिफारस केलेली नाही. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०२३ मध्ये साधारण तेच म्हटलंय. त्यात लोह आणि 'ड' जीवनसत्त्व घातलेलं असतं, हे मान्य. पण अनेकदा साखर आणि गोड चवही घातलेली असते, आणि ती चव लागली की साधं दूध बाळाला फिकं वाटायला लागतं.

हे डबे नवजात बाळाच्या डब्यासारखेच का दिसतात? जागतिक आरोग्य सभेने १९८१ मध्ये आईच्या दुधाच्या पर्यायांच्या जाहिरातबाजीवर आंतरराष्ट्रीय संहिता आणली. तिच्या आधाराने अनेक देशांत पहिल्या नंबरच्या डब्याची जाहिरात अडली. मग पुढच्या नंबरचा डबा त्याच रंगात, त्याच चित्रात आला, आणि त्याची जाहिरात झाली की पहिल्याचीही आपोआप होते. हे समजलं की डब्यावरच्या मोठ्या अक्षरांचं वजन जरा कमी होतं.

डॉक्टरांनी खास कारणासाठी एखादं दूध लिहून दिलं असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा हा परिच्छेद विसरा.

कुणी डबा इतक्यात सोडू नये

लवकर जन्मलेली बाळं. त्यांचं वय जन्मतारखेवरून मोजायचं की अपेक्षित तारखेवरून, हे डॉक्टर सांगतील. अशा बाळांचा लोहाचा साठा मुळातच कमी असतो, त्यामुळे घाई नको.

ज्यांचं वजन अपेक्षेप्रमाणे वाढत नाही, ज्यांना आधीच रक्तक्षय आहे किंवा मूत्रपिंडाचा, चयापचयाचा आजार आहे, त्यांनीही स्वतःहून बदल करू नये.

गाईच्या दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्यांना तर साधं गाईचं दूध हा पर्यायच नाही. तिथे बकरीचं दूधही उपयोगाचं नाही, कारण प्रथिनं इतकी सारखी असतात की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना तेही बाधतं. म्हशीच्या दुधाचंही तेच. ॲलर्जी नसेल तर ही दोन्ही दुधं पाश्चराइज्ड किंवा उकळून वर्षापुढे चालतात. बकरीच्या दुधात फोलेट हे 'ब' गटातलं जीवनसत्त्व फार कमी असतं आणि म्हशीच्या दुधात स्निग्धांश गाईच्या जवळपास दुप्पट, एवढं ध्यानात असू द्या. वनस्पतिजन्य पेयांत प्रथिनांच्या बाबतीत गाईच्या दुधाजवळ येतं ते सोयाचं, तेही कॅल्शियम वगैरे वरून घातलेलं आणि साखर न घातलेलं. बदामाचं, ओट्सचं पेय दिसतं दुधासारखं, प्रथिनं त्यात किरकोळ. तांदळाचं पेय पाच वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं ब्रिटनचा आरोग्य विभाग सांगतो. त्यात आर्सेनिकचं प्रमाण जास्त असू शकतं.

राहिलं ते बाळ जे वर्षाचं झालंय, निरोगी आहे, पण जेवणाच्या नावाने शंख. इथे मी मधला मार्ग घेईन. डबा एक-दोन महिने चालू ठेवायचा, पण उतरत्या प्रमाणात. बाटल्या कमी करून भूक लागू द्यायची, जेवणाच्या वेळा पक्क्या करायच्या, आणि वर्षाच्या तपासणीत हिमोग्लोबिन बघून घ्यायचं. अमेरिकी अकादमी तर सगळ्याच बाळांची ही तपासणी १२ महिन्यांच्या सुमारास करायला सांगते.

बदल करायचा कसा

तीन रस्ते आहेत.

एक, सरळ बंद. आजपासून फॉर्म्युला नाही, गाईचं दूध. काही बाळांच्या ते लक्षातही येत नाही. वैद्यकीय दृष्ट्या यात चूक काही नाही. चवीबद्दल हट्टी नसलेल्या बाळासाठी हाच सर्वात कमी कटकटीचा.

दोन, एकेक वेळ बदलणं. दुपारची एक वेळ गाईच्या दुधाची, बाकी डब्याच्या. चार दिवस ठीक गेलं की दुसरी वेळ. झोपतानाची वेळ सर्वात शेवटी, कारण तिथे बाळ सवयीला सर्वात जास्त चिकटून असतं. माझी पसंती या रस्त्याला. काही बाधलं तर कशाने बाधलं ते कळतं आणि मिसळामिसळ करावी लागत नाही.

तीन, मिसळत नेणं. चवीला फार चोखंदळ बाळ असेल तर हा. फॉर्म्युलाची चव जरा गोडसर असते, गाईचं दूध त्यापुढे सपक लागतं. १२० मिलीची बाटली असेल तर ९० मिली तयार फॉर्म्युला आणि ३० मिली गाईचं दूध. दोन-तीन दिवसांनी निम्मं-निम्मं. मग ३० आणि ९०. मग नुसतं गाईचं. यात एकच गोष्ट चुकवायची नाही: फॉर्म्युला आधी डब्यावरच्या मापाप्रमाणे पाण्यात पूर्ण तयार करायचं आणि मगच त्यात दूध घालायचं. पाण्याऐवजी दुधात पावडर कालवणं धोक्याचं आहे. "दुप्पट पोषण" म्हणून कुणी तसं सुचवलं तर ऐकू नका. क्षार आणि प्रथिनं इतकी दाट होतात की बाळाच्या अंगातलं पाणी कमी पडू शकतं.

सरमिसळ केलेलं दूध उरलं तर साठवू नका. आणि चव आवडावी म्हणून साखर, मध, चॉकलेट पावडर यांतलं काही घालू नका; ती सवय काढणं डबा सोडण्यापेक्षा अवघड. तापमानाची युक्ती मात्र बरीच चालते. बाळाला कोमट फॉर्म्युलाची सवय असेल तर फ्रिजमधलं गार दूध देऊन "आवडत नाही" असा निकाल लावू नका, आधी तेवढंच कोमट करून द्या.

ताप, जुलाब, नुकतीच लस, पाळणाघराचा पहिला आठवडा, प्रवास: अशा वेळी सुरुवात करू नका. चार दिवस मागेपुढे झाल्याने काही अडत नाही.

बाटलीचंही याच वेळी बघून टाका. गाईचं दूध कपातूनच द्यायचं, असा नियम सुरुवातीपासून केला तर दोन कामं एकदम होतात. वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान बाटली सुटावी अशी शिफारस आहे. बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात किडतात, मग आत फॉर्म्युला असो की गाईचं दूध. कपातून बाळ कमी पितं, सांडतं, बाही भिजवतं. "कमी पितंय" ही तक्रार पहिल्या आठवड्यात सर्रास येते. दिवसाला साडेतीनशे मिली आणि दही मिळून होत असेल तर घाबरू नका.

पहिल्या दोन आठवड्यांत काय दिसेल

शीचा रंग, वास, घट्टपणा बदलणार, हे धरून चाला. बऱ्याच बाळांना थोडे दिवस खडा होतो. पाणी, फळं, भाज्या वाढवा, आणि दूध पाचशे मिलीच्या वर जात नाही ना ते आधी तपासा. बहुतेक वेळा तिथेच उत्तर असतं. दोन आठवड्यांनीही बाळ शी करताना रडत असेल तर दाखवून घ्या.

अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, पुन्हापुन्हा उलटी किंवा शीत रक्त दिसलं तर दूध थांबवून डॉक्टरांकडे. श्वास लागला, घरघर होऊ लागली तर थेट तातडीच्या विभागात. नेहमीचं फॉर्म्युला पीत आलेल्या बाळात हे अचानक होणं विरळा.

'ड' जीवनसत्त्वाचे थेंब डबा बंद झाल्यावर आपोआप बंद करू नका. खरं तर तेव्हाच त्यांची गरज वाढते, कारण फॉर्म्युलात ते घातलेलं होतं आणि गाईच्या दुधात बहुधा नाही. दुधात वरून घातलेलं असेल तर पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. एक ते तीन वर्षांसाठी अमेरिकी शिफारस दिवसाला ६०० युनिट, ब्रिटिश ४०० युनिट. आपल्या बाळाला किती, ते डॉक्टरांना विचारा. डीएचए हे मेंदूसाठीचं स्निग्धाम्लही अनेक डब्यांत असतं, गाईच्या दुधात नसल्यासारखं. मासे खाणाऱ्या घरात ते ताटातून येतं.

आणि कपाटात उरलेला अर्धा डबा? उघडलेली पावडर साधारण महिनाभरात संपवायची असते. तारीख डब्यावर बघा. ती संपवण्यासाठी बदल लांबवायची गरज नाही. तारीख उलटली नसेल तर बाळाच्या जेवणात पाण्याऐवजी तयार फॉर्म्युला वापरून संपवता येते, नाहीतर मोठ्यांच्या कॉफीत. चव काही खास लागत नाही, पण चालून जातं.